एक्केचाळीस सेकंद

२२ फेब्रुवारी, सोमवार

सही झाली. पूर्ण मोसमाची.

दोन वर्षं मी या टीमची चाचणीवाली होते. म्हणजे गाडी आधी मी फिरवायची, काय दुखतं-खुपतं ते सांगायचं, आणि शर्यतीत ती दुसऱ्याने न्यायची. सगळं चाखायचं, पण पानावर बसायचं नाही. आता पानावर बसले. पहिली शर्यत २७ मार्चला, शहरातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती.

ही वही मास्तरांनी दिली. मास्तर म्हणजे माझे इंजिनिअर; गाडी चालवताना माझ्या कानात ज्यांचा आवाज असतो ते. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण बोलणं तसंच आहे. म्हणाले, "गाडीची नोंद रोज ठेवतेस, तशी स्वतःची ठेव. मला दाखवायची नाही."

बाबांना फोन केला. ते लिफ्ट दुरुस्त करतात, तेव्हा कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर होते, वारा ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, "तुमच्या विजेच्या गाडीला आवाज नसतो, मग समोरच्याला कळतं कसं?" मी म्हटलं, असतो की, शिट्टीसारखा. म्हणाले, "मशीन शिट्टी मारायला लागलं की मी आधी मेन बंद करतो." मग, "जेवलीस का?"

एवढंच. पण आनंद झालाय त्यांना. ताई, माझी मोठी बहीण, सध्या त्यांच्याकडे गेलीय; ती म्हणाली, घरी येऊन बातमी सांगताना दोनदा चष्मा पुसला.

भीती वाटते का? वाटते. परीक्षेच्या आधी वाटते तेवढी. तेवढी हवीच.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नानांनी घाम काढला. नाना आमचे मुख्य मेकॅनिक. मी चौदा वर्षांची असताना छोट्या गाड्यांच्या शर्यतीत एकाच फेरीत तीनदा गरगरले होते, ते त्यांनी पाहिलं. तेव्हापासून मी भिंगरी.

गाडीच्या माथ्यावर एक दिवा आहे. नानांच्या भाषेत: दिवा हिरवा, तर गाडी तुझी. लाल, तर गाडी विजेची. लाल असताना एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर पडला, की तू माणूस नाहीस, वायर आहेस. म्हणून लाल दिव्यात उतरायचं तर काठावर उभं राहून दोन्ही पायांनी एकदम लांब उडी. नाहीतर हात आवळून आत बसायचं आणि रबरी हातमोजेवाल्यांची वाट बघायची.

उडी दहा वेळा करून घेतली. अकराव्यांदा मी म्हटलं, "नाना, मी ड्रायव्हर आहे, बेडूक नाही."

"बेडूक जास्त जगतात. चढ वर."

मंगळवारी जुन्या धावपट्टीवर चाचणी. भिंतींच्या जागी काँक्रीटचे ठोकळे मांडून वळणं केली आहेत.

४ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलमधून लिहितेय. जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवते.

मंगळवारी दुपारी सातवं वळण. गाडीचं मागचं चाक घसरलं, मी स्टिअरिंग उलट वळवलं, उशीर झाला, ठोकळा आला. मग नाना जमिनीवर पडलेले, मी गाडीबाहेर बसलेली, आणि कुणीतरी माझं हेल्मेट काढतंय. मधलं काही विशेष नसणार.

नानांना शॉक बसला. मला काढायला आले आणि दिवा लाल असताना गाडीला हात लावला. डाव्या हातात मोजा होता, उजव्यात नव्हता. हृदयाचे ठोके काही वेळ वेडेवाकडे पडत होते म्हणे. आता जागेवर आहेत. उजवा तळवा भाजलाय. याच इमारतीत दोन मजले वर आहेत.

मला काही नाही. खांदा काळानिळा, बस. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, साफ आहे म्हणाले. विचारलं, "शुद्ध हरपली होती का? थोडा वेळ तरी?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हती. आणि "हो" म्हटलं असतं तर निदान चार आठवडे गाडीत बसता येत नाही, हा नियम आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. २७ मार्च हातचा गेला असता.

काल मॅनेजरबाई येऊन गेल्या. टीमचा सगळा कारभार त्यांच्या हातात. फुलं आणली होती आणि एक कागद. वाचून दाखवला: मी पूर्ण वेळ शुद्धीत होते, दिवा लाल आहे हे मला माहीत होतं, मी सूचनेची वाट बघत होते. "बरोबर ना?"

बरोबर, म्हटलं. सही केली. सही करताना अक्षर जरा तिरकं गेलं, खांद्यामुळे.

५ मार्च, शुक्रवार

घरी आले. ताईने नव्या सपाता आणल्या, निळ्या, आत लोकर असलेल्या. खिडकीतून येणारा उजेड फार आहे. पडदा लावून घेतला.

८ मार्च, सोमवार

नानांना भेटले. दारात पाय अडखळला. इतके लहान कधी दिसले नव्हते ते. काकू, म्हणजे त्यांची बायको, उशाशी सफरचंद कापत बसली होती. मी काहीतरी बोलायला गेले आणि रडूच आलं.

नाना म्हणाले, "अगं, मी धडधाकट आहे. तुझा आवाज आला ना, तेव्हा जिवात जीव आला."

"कुठला आवाज?"

त्यांनी काकूकडे बघितलं. काकूने सुरी खाली ठेवली. मग नाना म्हणाले, "काही नाही. औषधांनी बडबडतो मी. सफरचंद घे."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माझा आवाज आला म्हणजे मी रेडिओवर काहीतरी बोलले. काय बोलले? मला आठवत का नाही? बोलले असेन, हो, घाबरून काहीही बोलले असेन. "हिरवा" म्हणाले असेन का? दिवा नीट न बघता? लवकर बाहेर काढावं म्हणून?

नाना माझ्या शब्दावर आले असतील, तर त्यांना मी जाळलं.

हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून इथे.

११ मार्च, गुरुवार

सिम्युलेटरवर परत. हे एका अंधाऱ्या खोलीत असतं, खरी सीट, खरं स्टिअरिंग, समोर मोठा पडदा. वीस मिनिटांत पोटात ढवळून आलं. पडद्याच्या कडा हलतात. नवव्या वळणाला ब्रेक कुठे मारायचा ते चार वेळा विसरले. हे वळण मला झोपेत उठवून विचारलं तरी येतं.

आता कळलं, भित्री माणसं कशी होतात. मला वाटायचं, भीती म्हणजे हात थरथरणं. हात अगदी स्थिर आहेत. फक्त डोकं पुढे जायला तयार नाही.

मास्तर विचित्र वागतायत. मध्येच थांबवून विचारलं, "काल आपण कुठल्या वळणावर काम केलं?" मी म्हटलं, काल मी आलेच नव्हते. ते म्हणाले, "आली होतीस. दोन तास." चेष्टा करत असावेत. पण हसले नाहीत.

कारण उघड आहे. राखीव ड्रायव्हर तयार बसलीय, माझ्याहून वर्षाने मोठी, शांत डोक्याची. मास्तर माझ्यातली खोट शोधतायत. वीस वर्षं या धंद्यात काढलीत, वारा कुठे वाहतो ते कळत असणार.

१२ मार्च, शुक्रवार

डोकं दुखतंय. ताईने नव्या सपाता आणल्या, निळ्या, आत लोकर आहे. तिला थँक्यू म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही हल्ली काय झालंय कोण जाणे. संध्याकाळी बाबांचा फोन. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "हे तू सकाळी सांगितलंस मला."

म्हातारे होत चालले.

१५ मार्च, सोमवार

चौकशीचा निकाल आला. दोष नानांचा. चालक शुद्धीत होती, दिवा लाल होता, तरी सुरक्षेचा नियम मोडून गाडीला हात लावला. विजेच्या गाडीवर काम करायचा त्यांचा परवाना रद्द. सव्वीस वर्षं त्या माणसाने नियम इतरांच्या गळी उतरवले.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुझ्या स्पष्ट जबाबाने फार मदत झाली." पाठ थोपटली. माझी पाठ गार पडली.

दुपारी लॅपटॉप उघडला तर माझ्या फोल्डरमध्ये एक फाइल जास्त दिसली. २ मार्च, रेडिओ. त्या दिवशीची बाकी सगळी माहिती मी बघून झालेय, वेग, ब्रेक, चाकांचं तापमान. ही नव्हती. नावावर बोट ठेवलं आणि काढलं.

ऐकून काय मिळणार? "हिरवा" ऐकू आलं तर मी कुठे तोंड लपवू? न ऐकता निदान अर्धी आशा आहे.

१७ मार्च, बुधवार

खऱ्या गाडीत. त्याच धावपट्टीवर.

हेल्मेट घालताना वाटलं, उलटी होणार. झाली नाही. गाडी निघाली, ती शिट्टी चढत गेली, आणि पहिल्या ठोकळ्यापासूनच मला सगळे ठोकळे माझ्याकडे सरकताना दिसायला लागले. प्रत्येक वळणाला वाटत होतं, इथे. नाही, इथे. कानात मास्तर आकडे सांगत होते, किती बॅटरी उरली, कुठे पाय उचलायचा. मला आकडे ऐकू येत, पण त्यांचा अर्थ एक वळण उशिरा पोचायचा.

"आत ये," ते म्हणाले. मी आत वळायच्या जागेवरून सरळ पुढे गेले. दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्यांदा ते अगदी हळू म्हणाले, "बाळ, डावीकडे निळी कमान दिसते? तिथून आत."

मास्तरांनी मला कधी बाळ म्हटलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे दिवसातली दुसऱ्या क्रमांकाची वेगवान फेरी माझी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात आणि पाय आपापलं काम करत होते, मी मागे कुठेतरी बसून किंचाळत होते. मॅनेजरबाई म्हणाल्या, "बघ. भीती गेली." मी हो म्हटलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

१७ मार्च, बुधवार

आज काही नाही. विश्रांती. उजवा हात जरा जड वाटतो, स्टिअरिंगमुळे. दहा दिवस राहिले.

(ताई म्हणते आज १८ आहे. बरं, १८.)

२० मार्च, शनिवार

काकू वर्कशॉपमध्ये आली. नानांची हत्यारं न्यायला. मी नेमकी तिथेच होते. लपायला जागा नव्हती, आमचं वर्कशॉप म्हणजे पांढरी फरशी आणि चार गाड्या, उंदीर लपणार नाही.

एक लाल पेटी आणि जुना एप्रन. पेटी जड होती, मी एक बाजू धरली. फाटकापर्यंत दोघींनी नेली. टॅक्सीत पेटी ठेवून झाल्यावर मी विचारलं, "काकू, मी त्या दिवशी काय बोलले? नाना तुम्हाला सांगत असतील."

"तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"मग ते सांगू नको म्हणाले ते याच्यासाठी." दार धरून उभी राहिली. "हे बघ, ते म्हणतात, पोरीची पहिलीच शर्यत आहे, तिच्या वाटेत यायचं नाही. मी बायको आहे त्यांची, मला तसं म्हणता येत नाही. दोन बोटं मिटत नाहीत त्यांची. आणि वर दोष त्यांच्या माथी. तुझ्याकडे ऐकायचं काही असेल तर ऐक. एवढंच सांगते."

टॅक्सी गेली. मी फाटकाला धरून उभी राहिले. पहारेकऱ्याने खुर्ची दिली.

म्हणजे खरंच मी बोलले. "हिरवा."

२१ मार्च, रविवार

ऐकलं.

सकाळी दहा वाजता, स्वयंपाकघरात, ताई बाजारात गेल्यावर. तीन वेळा ऐकलं आणि मग कागदावर उतरवलं, कारण मला माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

आधी माझा श्वास. मग आपटल्याचा आवाज. वाटतो तेवढा मोठा नाही, पत्र्याचं कपाट पडल्यासारखा. मग मास्तर: "ठीक आहेस?" काही नाही. "दिवा लाल आहे, आतच बस. ठीक आहेस का?" काही नाही. "बोल. बटण दाबून बोल." काही नाही. मग मागे कुणाचा तरी आवाज, बचाव पथकाची गाडी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे, दोन मिनिटं लागतील. मास्तर: "मान लटकलीय तिची. श्वास घेते का? कुणाला दिसतंय?" आणि मग लांबून नानांचा आवाज: "मी जातो."

आपटल्यापासून एक्केचाळीस सेकंद. मी मोजले. एक्केचाळीस सेकंद मी कुठे होते?

त्यानंतर माझा आवाज. अगदी लहान मुलीसारखा. मी म्हणते: "बाबा, लिफ्ट अडकलीय. काळोख आहे."

आणि लगेच पलीकडे कुणीतरी पडतं.

मी "हिरवा" म्हणाले नव्हते. मी काहीच म्हणाले नव्हते, म्हणून ते आले. मान खाली घालून निपचित पडलेलं माणूस दिसलं, म्हणून नियम मोडला. आणि मी कागदावर लिहून दिलं की पूर्ण वेळ शुद्धीत होते.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटतेय. ही भीती वेगळी आहे. आजपर्यंत मला वाटत होतं, मी भित्री झालेय. आता वही उघडून मागची पानं वाचली. सपाता दोनदा आहेत. सतरा तारीख दोनदा आहे. दोन्ही ठिकाणी माझंच अक्षर.

२२ मार्च, सोमवार

मास्तरांना त्यांच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं. विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं?"

"मी त्या वेळी हेडफोन लावून बसलो होतो," ते म्हणाले. "मी ऐकलं नसेल तर कोणी?"

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी बोललो, बाईंशी. त्या म्हणाल्या, मुलगी स्वतः म्हणते शुद्धीत होते, डोक्याचा फोटो साफ आहे, तुम्ही डॉक्टर आहात का? चौकशीला गाडीची माहिती पुरते, रेडिओ कुणी मागितलेला नाही." चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी गप्प बसलो. छप्पन्न वर्षांचा आहे. या वयात दुसरी टीम मला उभं करणार नाही. आणि तुझी जागा माझ्यामुळे गेली असं झालं असतं. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं जास्त खरं."

"आणि मला रोज प्रश्न विचारत बसलात. काल काय केलं म्हणून."

"वाटलं, तुझं तुलाच कळेल. ती फाइलही मीच ठेवली. तेवढीच हिंमत झाली."

मी म्हटलं, "मी भिंतीत गेले असते तर?"

त्यांनी चष्मा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. इतका घाबरलेला मोठा माणूस मी पाहिला नव्हता. मला वाटायचं, या इमारतीत फक्त मीच घाबरतेय.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे मी आधी सांगितलंय का?" म्हणाले, "नाही. हे पहिल्यांदा." मग म्हणाले, "आठवडाभर मला शंका येत होती. ताईलाही. पण तू इतकी वर्षं घालवलीस, मी कशाला तोंड घालू म्हणून... मी लिफ्ट बंद करतो ना, लोक शिव्या घालतात. तुझ्याच वेळेला मला बंद करता आली नाही."

मी म्हटलं, "बाबा, मी उद्या जाते डॉक्टरकडे."

"मी येतो."

"तुम्ही तिथून पोचेपर्यंत..."

"निघालोय," ते म्हणाले. पायऱ्या उतरल्याचा आवाज येत होता.

२४ मार्च, बुधवार

काल आधी मॅनेजरबाईंकडे गेले. जबाब परत घेते म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "शनिवारी शर्यत आहे. रविवारी परत घे. कुणाचं काय बिघडतं? एकदा ही जागा सोडलीस की परत मिळत नाही, हे तुला मी सांगायला हवं?"

त्या क्षणी मला रविवार चालला असता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. एक शर्यत. एकच. नानांना पाच दिवस उशिराने काय फरक पडणार होता?

मग मी कप उचलायला गेले आणि उजवा हात उचललाच नाही. म्हणजे मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. बाईंनी ते बघितलं. मग त्यांनी स्वतः गाडीची किल्ली घेतली आणि मला हॉस्पिटलमध्ये नेलं. सिग्नल सुटायच्या आधीच त्यांनी हॉर्न धरून ठेवला.

नवा फोटो साफ नाही. कवटीच्या आत, मेंदूवर, रक्ताचा पातळ थर साचलाय. पहिल्या दिवशी दिसत नव्हता, थेंब थेंब वाढत गेला. डॉक्टरांना मी ध्वनिफीत ऐकवली, वही दाखवली. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, मी संकोचले. मी विचारलं, शनिवारी चालवली असती तर? म्हणाले, "तुमच्या शर्यतीत धक्के बसतात?"

"लहान-सहान बसतातच."

"लहानही पुरला असता."

उद्या सकाळी डोक्याला भोक पाडून रक्त काढणार. बाबा पोचलेत. खुर्चीत बसलेत, लिफ्टवाल्यांच्या निळ्या कपड्यांतच. मी मरेन का, हा प्रश्न मी विचारला नाही, त्यांनीही नाही. त्यांनी विचारलं, "पंखा कमी करू का?"

हात जड आहे. डाव्या हाताने धरून लिहितेय.

२७ मार्च, शनिवार

डोक्याला पट्टी. उजवी मूठ मिटते. बाबा दर तासाला मिटायला सांगतात.

तीन वाजता शर्यत. नको म्हणत होते सगळे, पण मी आवाज बंद करून टीव्ही लावायला लावला. राखीव, आता राखीव नाही, माझ्या गाडीत. माझा नंबर झाकून तिचा चिकटवलेला. ती भिंतीला लागावी असं मला वाटलं. हे वाटलं, तसंच लिहिते.

लागली. पहिल्याच वळणाला कुणीतरी मागून ढुशी दिली आणि तिचं डावं चाक भिंतीला घासलं. काही झालं नाही, तशीच पुढे गेली. सहाव्या फेरीत पुन्हा एक. बाराव्या फेरीत ती वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून उडाली आणि धाडकन खाली आली, मान पुढे-मागे झाली. समालोचकांनी दखलही घेतली नसेल. आठवी आली. खाली उतरून पाणी प्यायली, हसली.

तीन धक्के. मी डोळे मिटून घेतले. बाबांनी टीव्ही बंद केला. त्यांनीही मोजले होते.

९ एप्रिल, शुक्रवार

चौकशी पुन्हा उघडली. मी साक्ष दिली, मास्तरांनीही दिली, आवाज बारीक होता पण दिली. नानांचा परवाना परत. चालक बेशुद्ध असताना बचाव पथक इतकं लांब का होतं, याचं उत्तर आता टीमला द्यायचंय. माझा करार संपला. कागदावर "परस्पर संमतीने" असं लिहिलंय. माझी संमती कुणी विचारली नव्हती.

खोट्या जबाबाबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. तो खोटा आहे हे सही करताना मला माहीत नव्हतं, असं मी सांगितलं. समितीतले एक जण म्हणाले, "माहीत करून घ्यायची घाईही दिसत नव्हती." बरोबर बोलले.

डॉक्टर म्हणतात, वर्षभर गाडी नाही. त्यानंतर बघू. "बघू" या शब्दावर स्वतःला किती वेळ टांगून ठेवायचं, हे मी ठरवलेलं नाही.

२ ऑगस्ट, सोमवार

चार महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं होतं ते सगळं फिजिओथेरपीचं.

नानांची दोन बोटं मिटत नाहीत, त्यामुळे पाना धरता येत नाही. आता ते बचाव पथकांना शिकवतात. वेगवेगळ्या मैदानांवर जातात, जुनी गाडी घेऊन. मागच्या आठवड्यात फोन आला. "भिंगरी, काम आहे. पगार नाही, ऊन आहे."

"काय करायचं?"

"गाडीत बसायचं आणि बोलायचं नाही."

आज गेले. रिकामी पार्किंगची जागा, काँक्रीटचे दोन ठोकळे, मध्ये गाडी. बॅटरी काढलेली आहे, डॉक्टरांनी तसं लिहूनही मागितलं होतं. तरी सीटमध्ये पाय सरकवायच्या आधी मी माथ्यावरच्या विझलेल्या दिव्याकडे दोनदा बघितलं. पट्टे नानांनी स्वतः आवळले, डाव्या हाताने. म्हणाले, "मान सोड. डोळे मीट. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर नाही. हाक मारतील, ओरडतील. तू नाहीस इथे."

डोळे मिटले. हेल्मेटच्या आत माझाच श्वास. कानात नवख्या पोरींचा, पोरांचा आवाज: ठीक आहेस का? बोल. ऐकू येतंय का? उत्तर द्यायची इतकी सवय असते माणसाला. आहे, मी इथेच आहे, असं ओठांपर्यंत आलं. गप्प राहिले. उन्हात सीट तापली होती आणि मला थंडी वाजत होती. कुणी येणारच नाही, असं खरोखर वाटलं.

मग धावणारी पावलं. दोन्ही हातांना रबरी मोजे. कुणीतरी माझी मान दोन्ही बाजूंनी धरली, अगदी अलगद, आणि एक मुलगी कानाशी म्हणाली, "धरलंय तुला. हलू नकोस."

नानांनी घड्याळ बघितलं. "अठ्ठावीस सेकंद. उशीर. तिचे ओठ निळे पडले असते. पुन्हा."

ते सगळे लांब गेले. मी पुन्हा मान सोडली.

सात वेळा केलं. सातव्यांदा बारा सेकंद लागले. भीती सातही वेळा वाटली. पुढच्या सोमवारी दुसरं पथक आहे. मी येते म्हटलंय.